चौथा नमुना

“मॅडम, हा बोर्ड तुमचा का?”

अनुजा स्टुलावर उभी होती. दोन्ही हात भिंतीवर, दातांत चिकटपट्टीचा तुकडा. ‘नाही’ म्हणायलाही तोंड मोकळं नव्हतं. तिने नुसती मान वळवली. खाली एक उंच, सावळा तरुण उभा होता. अंगात घामाने पाठीला चिकटलेला खाकी शर्ट, आणि पुढ्यात चाकांची खुर्ची. खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेली एक काटकुळी बाई.

“चाळीस मिनिटं चुकीच्या लाइनीत होतो आम्ही,” तो म्हणाला. “किरणोपचार समजून. नंबर आल्यावर सांगतात, हे क्ष-किरण. त्या ‘क्ष’ला एवढी पानंफुलं काढलीयत की ते अक्षर आहे का वेल, तेच कळत नाही. सकाळपासून आई बसून आहे माझी.”

अनुजाने तोंडातली पट्टी काढली. “तो मी नाही लावला. मी... तो काढायलाच आलेय.”

“मग काढा की!”

“असा लगेच नाही काढता येत. त्याच्या जागी काय लावायचं ते आधी ठरायला हवं.”

“राजरत्ना,” खुर्चीतली बाई म्हणाली, “वरडू नको तिच्यावर. पडंल पोर स्टुलावरनं.”

मग, उगाच कुणाला तरी बोललो हे लक्षात आल्यावर माणूस करतो तसं, त्याने पुढे होऊन स्टूल घट्ट धरलं.

“उतरा,” तो म्हणाला. “हलतंय ते.”

परळच्या त्या हॉस्पिटलातले बोर्ड पंचवीस वर्षांपूर्वीचे. कुणा दानशूर माणसाने हौसेने करून दिलेले, सोनेरी, वेलबुट्टीचे. ते सगळे बदलायचं काम अनुजा पेडणेकरला मिळालं होतं. ती गिरगावची. वय एकोणतीस. पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरण्यांची लेबलं... अक्षरांवर तिचा जीव. लोक कपडे बघतात, चपला बघतात, ही दुकानांच्या पाट्या बघत चालायची आणि खांबाला धडकायची. पण इथली अक्षरं नुसती दिसायला सुंदर असून भागणार नव्हतं. त्यांनी घाबरलेल्या माणसाला हाताला धरून योग्य दारापर्यंत न्यायचं होतं.

तिने पाच फॉन्ट निवडले होते. पाच मोठ्या कागदांवर तेच शब्द पाच तऱ्हांनी छापून कॉरिडॉरच्या भिंतीवर लावले होते. बाह्यरुग्ण विभाग. किरणोपचार. रक्त तपासणी. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती विचारायची, यातलं कुठलं सोपं वाटतं हो वाचायला? तीन दिवसांत कुणी धड थांबलं नव्हतं. काखेत फाइल घेतलेल्या माणसाला भिंतीवरच्या अक्षरांचं काय कौतुक?

दुसऱ्या दिवशी तो परत आला. हातात चहाचे दोन कागदी कप.

“कालचं मनावर घेऊ नका,” तो म्हणाला. “बस चालवतो मी, बेस्टची. दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून माणसाचा हॉर्न होतो.”

अनुजाला हसू आलं. त्या कॉरिडॉरमध्ये हसणं बरं दिसत नाही असं वाटून तिने ते चहात बुडवलं.

आईला पाच आठवडे किरणोपचार होते, शनिवार-रविवार सोडून रोज. सकाळची ड्युटी उरकून तो नायगावला घरी जायचा, आईला घेऊन अडीचपर्यंत इथे यायचा. आई आत गेली की अर्धा तास त्याला करण्यासारखं काही नसायचं. अशा अर्ध्या तासाचं माणूस काय करतो? तो भिंतीजवळ येऊन उभा राहिला.

“खरं सांगू? मला हे पाचही सारखेच दिसतात.”

“सारखे?” तिला चिमटा बसल्यासारखं झालं. “हा पहिला बघा. आणि हा दुसरा. याचा ‘ग’ बघा, कसा वळलाय... आणि वेलांटी? हलकी, वाऱ्यावर उडाल्यासारखी. माझा सगळ्यात आवडता आहे हा. तीन मुखपृष्ठं केलीत मी यात.”

“प्रेमात आहात तुम्ही त्याच्या.”

“आहे.”

“आणि तो?”

अनुजाने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, डोळ्यांत मात्र होतं. तिने घाईघाईने कपाची कड सरळ केली, जणू ती वाकडीच झाली होती.

मग त्याने एक केलं. तो कॉरिडॉरच्या पार टोकाला गेला, तिथून वळून मोठमोठ्या ढांगा टाकत आला, आणि तिच्यापाशी न थांबता पुढे निघून गेला. परत आल्यावर म्हणाला, “पहिला दिसला. दुसरा नाही. तिसऱ्यात ब आणि व एकच वाटले. चौथा लांबूनच दिसला. पाचवा जाड आहे, पण त्याची भोकं बुजलीयत.”

“हे असं पळत कोण वाचतं?”

“इथे सगळे पळतच वाचतात, मॅडम. स्टॉपवर म्हातारी माणसं बसचा बोर्ड कधी वाचतात माहितीये? बस निघाल्यावर. मी आरशात बघतो ना त्यांना. माणूस पाटी निवांत वाचत नाही. ओळखीच्या माणसासारखी ती लांबून ओळखू यावी लागते.”

तीन दिवस जे कुणी सांगितलं नव्हतं, ते या माणसाने एका फेरीत सांगितलं. अनुजाने वहीत लिहून घेतलं. लिहिताना आपलं स्वतःचं अक्षर आज जरा जास्तच नीट येतंय, हे तिच्या ध्यानात आलं... आणि कान गरम झाले.

राजरत्नची आई, जाईबाई, लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत तीस वर्षं मिरच्या निवडत होती. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्याच पुस्तकावर बोट ठेवून ती वाचायला शिकली, पस्तिसाव्या वर्षी. अजूनही ती प्रत्येक अक्षर ओठ हलवत वाचायची. अनुजाने तिची खुर्ची भिंतीसमोर आणली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली, लग्नाच्या मुली बघाव्यात तशी.

“ही पयली बरी आहे, पण अंग चोरून बसलीय,” ती म्हणाली. “दुसरी नटवी. बघायला ग्वाड, पण ती सोताचंच बोलत बसंल, आपलं काय ऐकायची नाय. तिसरीचा भरवसा नाय, घडीत एक घडीत दुसरी. पाचवी नुसती दांडगट.”

“आणि चौथी, मावशी?”

जाईबाईने अनुजाकडे पाहिलं. मग लेकाकडे. “चौथी माझ्या मनात भरली. दागिना नाय अंगावर. पण इचारलेल्याचं सरळ उत्तर देईल.”

“आये, फॉन्ट बघतेयस का सून?” राजरत्न म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला आपण काय बोललो ते कळलं. अनुजा चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली. ते काही केल्या सापडेना.

तो दुसरा फॉन्ट तिने त्या दिवशी भिंतीवरून काढला. काढताना वाईट वाटलं. घरी जाऊन तिने शंभर माणसांच्या उत्तरांची यादी पूर्ण करायचं ठरवलं आणि पुढचे आठ दिवस त्या दोघांनी मिळून ती पूर्णही केली. राजरत्न माणसं थांबवायचा. त्याच्या खाकी शर्टामुळे लोक थांबत. चौथ्या नमुन्याला सत्तरच्या वर लोकांनी कौल दिला. हॉस्पिटलचे व्यवस्थापक रमाकांत नेरूरकर यांना सोनेरी अक्षरं सोडवत नव्हती. अनुजाने यादी पुढे ठेवली तेव्हा ते सुस्कारा टाकून म्हणाले, “बरं. पण आधी चार बोर्ड लावा. बघू.”

भाद्रपद संपत आला होता. पाऊस असा येई, की पडतोय म्हणून छत्री उघडावी तर थांबे, आणि मिटली की परत येई. जाईबाईला टॅक्सीत शेजारणीबरोबर बसवून दिलं की राजरत्न कधी कधी मागे राहायचा. मग दोघं हिंदमातापर्यंत चालत जायची. ती पाट्या दाखवायची, तो वाचायचा. एका दुकानाच्या पाटीवर ‘खाद्य’ असं होतं आणि ते ‘रवाद्य’ दिसत होतं.

“रवाद्य म्हणजे काय असेल?” त्याने विचारलं.

“रव्याचं वाद्य. वाजवलं की शिरा पडतो.”

तो रस्त्यात थांबून हसला. आईचं दुखणं कळल्यापासून आपण असे हसलो नव्हतो, हे त्याला हसताना कळलं असावं, कारण हसू मध्येच तुटलं. त्याने छत्री तिच्या बाजूला सरकवली. स्वतःचा डावा खांदा भिजत राहिला.

“तुम्ही भिजताय.”

“तू म्हण. मीही म्हणतो. चालेल?”

“...चालेल.”

घरी तिने लपवलं नाही. जेवताना बाबांना सांगितलं, की राजरत्न म्हणून एक मुलगा आहे, नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो, बस चालवतो. नाव ऐकल्यावर माधवराव पेडणेकरांनी आडनाव विचारलं नाही. नावातच त्यांना कळायचं ते कळलं होतं. ते चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पेपर घडी करता करता म्हणाले, “त्या मुलाच्या आईचं कसं आहे आता?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

किरणोपचार संपले होते. दिवाळीनंतर नव्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी राजरत्नला एकट्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा तो सरळ जिन्याकडे गेला. अनुजा मागोमाग गेली. तो दोन पायऱ्या उतरून बसला होता.

“पसरलंय,” तो म्हणाला. “आता काही करण्यासारखं नाही म्हणतात. तळमजल्यावरच्या विभागात यायचं, दुखलं की औषध घ्यायचं. बस.”

ती शेजारी बसली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो दूर केला नाही.

“तिला सांगितलं नाही मी. नवीन औषध सुरू होतंय म्हणालो. आणखी चांगलं. सोमवारी जायचंय.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “तिला कळता कामा नये, अनुजा. ती मोडेल.”

अनुजाने मान हलवली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला आपला बोर्ड आठवला.

तळमजल्यावरच्या त्या विभागाबाहेर तिचा चारातला एक बोर्ड दोन दिवसांपूर्वीच लागला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी मजकूर स्वतः लिहून दिला होता. लोक खोट्या आशेवर येतात, शेवटचे पैसे आणि शेवटचे दिवस धावपळीत घालवतात, त्यांना साधं आणि खरं काय ते कळू दे, असं त्यांचं म्हणणं. ‘वेदना आराम विभाग’ असं वर, आणि खाली तीन ओळी. ‘इथे आजार बरा करण्याचे उपचार होत नाहीत. इथे दुखणे कमी केले जाते. घरच्यांनी सोबत बसावे.’ चौथा नमुना. काळ्यावर पांढरा. लांबून दिसेल असा.

सोमवारी सकाळी आठ वाजता ती स्टूल घेऊन तिथे गेली. बोर्ड एक दिवस काढून ठेवायचा. रंग पुसट आलाय म्हणून सांगायचं. कोण विचारणार होतं? ती स्टुलावर चढली, स्क्रू ढिला करायला हात वर केला.

दाराजवळ एक माणूस फोनवर बोलत होता. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात खाट मिळेल का, डॉक्टर कधी बसतात, असं काहीसं. बाकावर त्याची बायको डोळे मिटून बसली होती. बोलता बोलता त्याची नजर अनुजाच्या हातामागे गेली. तो वाचायला लागला. पहिली ओळ वाचून झाल्यावर त्याने फोन कानापासून खाली घेतला, तिसरी झाल्यावर बंद केला. मग तो बायकोशेजारी जाऊन बसला. तिचं डोकं त्याने आपल्या खांद्यावर घेतलं. ती बाई डोळे न उघडताच म्हणाली, “बसलास एकदाचा.”

अनुजा स्टुलावरून उतरली. बोर्ड तसाच राहिला.

अडीच वाजता राजरत्न आईला घेऊन आला. वळणावरूनच त्याला बोर्ड दिसला, आणि त्याने खुर्ची वळवायचा प्रयत्न केला. पण चौथा नमुना होता तो. जाईबाईला तो त्याच्याआधीच दिसला होता.

“थांब रे,” ती म्हणाली. “वाचू दे.”

तिने ओठ हलवत सुरुवात केली. वे-द-ना. आ-रा-म. अनुजा पाच पावलांवर उभी होती. जाईबाई एकेका अक्षरावर थांबत पुढे गेली. “आ-जार ब-रा कर-ण्या-चे उ-प-चार...” ‘होत नाहीत’ तिने अडखळल्याशिवाय वाचलं. तिन्ही ओळी संपवल्या. मग मांडीवरचा पदर सारखा केला.

“बाय,” ती अनुजाला म्हणाली, “अक्षर बेस आलंय गो.”

जाईबाईला आत नेल्यावर राजरत्न बाहेर आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुला माहीत होतं हा बोर्ड इथे आहे?”

“हो.”

“आज आम्ही येणार, हेही?”

“हो.”

“काढता आला असता?”

“आला असता,” अनुजा म्हणाली. “सकाळी काढायला आले होते. नाही काढला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. पाट्या वाचताना तिच्यासोबत हसणारा, खांदा भिजवणारा तो माणूस या डोळ्यांत कुठेच नव्हता. “तुला तुझी अक्षरं प्यारी,” तो म्हणाला. “माझ्या आईचं मी बघतो.”

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. तिने चार वेळा केला, मग केला नाही. बाकीचे बोर्ड लागत गेले. रमाकांत नेरूरकर खूश होते. कुणी चुकीच्या रांगेत उभं राहत नव्हतं. अनुजा रोज अडीचच्या सुमाराला काही ना काही निमित्ताने तळमजल्यावर जायची. तो आलेला असला की तिला बघून खिडकीकडे तोंड करायचा. आपण चुकलो का? ती शंभर वेळा स्वतःला विचारायची. कधी उत्तर हो यायचं, कधी नाही. झोप मात्र कुठल्याच उत्तराने येत नव्हती.

तीन आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारणीचा. मग जाईबाईचा आवाज, बारीक झालेला. “बाय, वायच घरी येऊन जा. तो ड्युटीवर हाय.”

नायगावची चाळ निम्मी रिकामी झालेली. लोक नव्या टॉवरात गेले होते, काही जायच्या तयारीत होते. लांबलचक पॅसेजमध्ये अर्ध्या दारांना कुलपं. जाईबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिने अनुजाला जवळ बसवलं.

“माझा लेक तुझ्यावर रागावलाय. मला ठावं हाय. तुला एक सांगते. मला आधीच कळलं होतं. शरीर माझं, मला नाय कळणार? पण तो हसून सांगायचा, आये नवीन औषध हाय, तर मीपण हसायची. तो माझ्यासाठी खोटं बोलायचा, मी त्याच्यासाठी. दोघं एका खोलीत, आन् दोघंपण एकटी.” तिने दम घेतला. “त्या दिवसापासनं तो माझ्यापाशी रडला. पोरगा पयलीत असताना रडला होता तसा. बरं वाटलं मला.”

अनुजाने तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांनीही त्या बोटांना मिरचीचा वास होता, की तिला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

“एकच राह्यलंय,” जाईबाई म्हणाली. “तो बस चालवतो, आन् मी त्याच्या बशीत कधी बसली नाय. माझं काम सुटायच्या आधी त्याची ड्युटी सुटायची. त्याला इचारलं तर नाय म्हणतो, धक्के बसतील. तू नेशील?”

दोन दिवसांनी, दुपारी गर्दी कमी असताना, अनुजा आणि शेजारीण दोघींनी मिळून तिला स्टॉपवर आणलं. बस आली. राजरत्नने समोरच्या काचेतून त्यांना पाहिलं. त्याचा जबडा घट्ट झाला. पण स्टॉपवर उभ्या माणसांना सोडून जाता येत नाही. त्याने दार उघडलं. कंडक्टरने खाली उतरून जाईबाईला उचलूनच पुढच्या सीटवर बसवलं. ती हिरवी साडी नेसून आली होती.

बस त्याने अशी चालवली, की मांडीवरचं तान्हं मूलही जागं झालं नसतं. लालबागला सिग्नल लाल होता. मसाल्याच्या गल्लीतून तिखट वास आत आला, दोन बायका शिंकल्या. जाईबाईने खोल श्वास घेतला आणि हसली. भायखळा गेलं. गिरगावात अनुजाने आपलं घर कुठल्या गल्लीत आहे ते दाखवलं. “चांगली जागा हाय,” जाईबाई म्हणाली, आणि तिने अनुजाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. राजरत्न केबिनमधून बाहेर आला आणि समोरच्या सीटवर बसला. आईचे डोळे मिटलेले होते. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता.

“झोपली?” त्याने हळूच विचारलं.

“हो.”

“धक्के बसले का तिला?”

“एकही नाही.”

त्याने टोपी काढून हातात फिरवली. “त्या दिवशी मी बोललो ते...”

“मलाही तुला सांगायचं होतं.” मग अनुजाने त्या सकाळचं सगळं सांगितलं. स्टूल, फोनवरचा माणूस, त्याची बायको. “मी बरोबर होते असं म्हणत नाहीये मी. अजून मला कळलेलं नाही. पण अक्षरांसाठी नाही रे ठेवला मी तो...”

“माहितीये,” तो म्हणाला. “तेव्हापासूनच माहीत होतं. पण कुणावर तरी रागवायचं होतं मला. आजारावर कसं रागावणार? त्याला तोंड नाही. तुला होतं.” तो थांबला. “आणि मला आवडणारं तोंड तेवढं एकच होतं.”

अनुजाने मान खाली घातली. खांद्यावर डोकं होतं म्हणून तिला हलताही येईना.

“माझ्याकडे आत्ता द्यायला काही नाही, अनुजा. वेळ नाही, हसू नाही. घरी गेलो की हिचा श्वास मोजत बसतो. अशा वेळी कुणाला म्हणू नये, की तू मला हवी आहेस.”

“मग म्हणू नकोस.”

“म्हटलंय मी.”

“...ऐकलंय मी.”

“बोला, बोला,” जाईबाई डोळे न उघडता म्हणाली. “मी झोपलेय.”

पुढे सोळा दिवस ती होती. अनुजा रोज जायची. कधी पेज भरवायची, कधी तिला पेपरातले मथळे वाचून दाखवायची. एका गुरुवारी दुपारी ती पोहोचली तेव्हा पॅसेजमध्ये शेजारची माणसं दाराबाहेर उभी होती, आणि त्यांच्या उभं राहण्यावरूनच तिला कळलं. राजरत्न खाटेपाशी जमिनीवर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला. तिने तो धरला आणि त्याच्याशेजारी बसली.

जाईबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीतली गेलेली माणसंसुद्धा टॉवरातून परत आली. पांढरे कपडे, पांढरी फुलं. त्रिसरण, पंचशील झालं. चिपळूणकडून मावश्या, मामा, त्यांची मुलं आली होती. अनुजा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. इथे कुठे बसायचं, काय करायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. जेवणाची पंगत पॅसेजमध्ये मांडली जात होती. राजरत्न पत्रावळी मांडत होता. चेहरा ओढलेला, डोळे सुजलेले.

जाईबाईची धाकटी बहीण बराच वेळ अनुजाकडे बघत होती. शेवटी तिने राजरत्नला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय रे, ही पोर कोण?”

हॉस्पिटलातली ओळख, आईची मैत्रीण, असं काही तरी सांगून तो सोडवून घेईल, असं अनुजाला वाटलं. त्याने सांगितलं असतं तरी तिने राग मानला नसता. आजचा दिवस तसल्या गोष्टींचा नव्हता.

राजरत्न सरळ उभा राहिला. त्याने अनुजाकडे पाहिलं.

“ही अनुजा,” तो म्हणाला. “आमच्या घरची.”

मावशीने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून तिच्या हातात दिला.

“मंग परक्यासारखी बसलीस काय गो? ऊठ. पंगत खोळंबलीय.”

अनुजा उठली. ओढणी कमरेला खोचली, आणि पॅसेजच्या टोकाला बसलेल्या पहिल्या माणसापासून पाणी वाढायला लागली.